उत्तर याचं, हात त्याचा

सर,

नाक धरून मारलेल्या थोबाडीचा आवाज वेगळा असतो. नुसती थोबाडीत बसली तर कोरडा आवाज येतो, पाटीवर पाटी आपटावी तसा. पण नाक चिमटीत धरलं की श्वासासाठी तोंड आपोआप उघडतं, आणि गालावर बसलेला हात आत कुठंतरी पोकळीत घुमतो. रिकाम्या घागरीवर थाप मारावी तसा. मी जन्मभर लेथच्या आणि कॉम्प्रेसरच्या गोंगाटात उभा राहिलो, उजवा कान तर जवळजवळ गेलाच. पण तो आवाज त्या गेलेल्या कानालाही ऐकू येतो. आज सकाळी बायको गच्चीवर गादी काठीनं झोडपत होती, तेव्हा आला. चहा तसाच ठेवला आणि लिहायला बसलो.

बसायला निमित्तही आहे. आपल्या बॅचचा मोबाइलवर ग्रुप झालाय. सगळ्यांची टकलं झालीत, सगळ्यांना शाळा आठवायला लागलीय. रविवारी तुमच्या नावानं कार्यक्रम ठरलाय. तुमच्या फोटोला हार घालायचा, मग भाषणं, मग जेवण. आणि मी तुम्हाला लिहिलेलं एक पत्र तिथं वाचून दाखवायचं. हे कुणी ठरवलं, तर वकिलानं. तो वकील नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. सिल्लोडच्या कापूस अडत्याचा पोरगा, माझ्या शेजारच्या बाकावरचा. त्याला वकील हे नाव तुमच्यामुळं पडलं. शाळेतल्या सगळ्या कविता मला अजून पाठ, म्हणून तो मला कवी म्हणतो. परवा त्याचा फोन आला.

"काय बे कवी, लिहिलं का सरांवर?"

"लिहितो."

"लई जड नको लिहू. पण डोळ्यांत पानी आलं पायजे लोकांच्या."

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्या. नंतर जेवन हाय ना, भूक चांगली लागते रडल्यावर."

मी हो म्हणालो. नाही म्हणायला मला कारण सांगावं लागलं असतं. तर सर, पत्र लिहायच्या आधी मला तुम्हाला एकच गोष्ट विचारायचीय. त्या शनिवारी फळ्यावर जे वाक्य तुम्ही मला लिहायला लावलंत, ते तुम्हाला ऐन वेळी सुचलं, की माझ्यासाठी तयार ठेवलं होतं? सुचलं असेल, तर रविवारी मी उभा राहीन आणि तुमच्याबद्दल चांगलं बोलेन, आणि त्यातला एक शब्दही खोटा नसेल. तयार ठेवलं असेल, तर मी त्या हॉलची पायरी चढणार नाही. आता तुम्ही उत्तर देणार नाही हे मला कळतं. तुम्ही जिवंत असतानाही तुम्हाला विचारलेलं आवडायचं नाही.

ती पद्धत काही तुम्ही काढली नव्हती. त्या काळी बऱ्याच शाळांत होती. ज्याला उत्तर आलं त्यानं, न आलेल्यांची नाकं धरून एकेकाला थोबाडीत द्यायची. मास्तरांचा हात दुखत नसे आणि पोरं एकमेकांवर खार खाऊन राहत. पण तुम्ही त्याचं शास्त्र केलंत. शनिवारी सकाळची शाळा, शेवटचा तास, फळ्यावर इंग्रजीतला एकच शब्द. साधा, रोजचा. तुम्ही म्हणायचात, "मोठे शब्द बिचारे गरीब असतात, त्यांना एकच अर्थ असतो. श्रीमंत हे बारके शब्द." सगळा वर्ग उभा. प्रत्येकानं त्या शब्दाचा नवा उपयोग वाक्यासकट सांगायचा, आधीच्यानं सांगितलेला चालणार नाही. ज्याचा खुंटला तो फळ्यापुढच्या रांगेत. 'रन' शब्दाच्या वेळी अर्धा वर्ग क्रिकेट सांगायला टपलेला होता. पहिल्यानं क्रिकेट सांगून टाकलं आणि रांग भिंतीपर्यंत गेली. शेवटी जो उरेल त्यानं रांगेवरून जायचं. डाव्या हाताची दोन बोटं नाकाला, उजवा हात मोकळा, खांद्यापासून. कुणी मित्राला हळू मारली तर तुम्ही विचारायचात, "गालावरची माशी उडवतोस का रे?" आणि मारणाऱ्याच्याच गालावर दाखवायचात, कशी मारायची ते.

मला शनिवार आवडायचा, सर. तुम्हाला हे विचित्र वाटेल. मी मुकुंदवाडीहून रुळांच्या कडेकडेनं चालत यायचो. आम्ही बौद्ध. वर्गात मला कुणी शिवत नव्हतं असं नाही, पण मुद्दाम कुणी शिवतही नव्हतं. कबड्डीत मला धरायला येणारा पोरगा आधी एक क्षण थांबायचा. तो क्षण दुसऱ्या कुणाला दिसायचा नाही, मला दिसायचा. शनिवारी मात्र सगळी नाकं सगळ्यांच्या बोटांत यायची. वकिलानं माझं नाक किती वेळा धरलंय! त्याच्या बोटांना पेरूचा वास असायचा. मारून झाल्यावर बाकावर परत बसताना तो कानात म्हणायचा, "लागली का रं? तू बी मार ना एखाद्या शनवारी, कोन नाय म्हनतंय?"

आणि तुमचा आवाज. इंग्रजी तुमचा विषय, पण मराठीचे मास्तर रजेवर गेले की कविता तुम्ही घ्यायचात. पुस्तक उघडायचा नाहीत. खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहायचात आणि चाल धरायचात. बाहेर चिंचेखाली शिपाई घंटेचा टोला विसरून उभा राहिलेला मी पाहिलाय. पाखरांची कविता असली की तुमचा आवाज वर जाऊन तिथंच थांबायचा, खाली यायला तयार नसायचा. एकदा आईवरची कविता म्हणताना तुम्ही वळलात तेव्हा तुमचे डोळे भरलेले होते. मला घरी जाऊन आईला सांगायचं होतं की मोठी माणसंसुद्धा रडतात, नुसत्या कवितेनं. सांगितलंही. आई चिकलठाण्याला नवीन उठणाऱ्या कारखान्यांच्या बांधकामावर घमेली उचलायची. ती म्हणाली, "बरं हाय की. आमाला रडायला कांदा तरी लागतो."

तुम्हीच मला शब्दांची चटक लावलीत. शिक्षकांच्या खोलीत जाड इंग्रजी डिक्शनरी होती, पुठ्ठा निघालेली. मधल्या सुट्टीत ती तुम्ही माझ्या हातात द्यायचात आणि म्हणायचात, "बाहेर व्हरांड्यात बस, वारं लागेल." दुसऱ्या एका पोराला तुम्ही नकाशाचं पुस्तक द्यायचात, तो आत, तुमच्या टेबलाशी बसायचा. मला वाटायचं, त्याला वारं नको असेल. खरंच असं वाटायचं. व्हरांड्यातल्या फरशीवर बसून मी पानं उलटायचो आणि मला सुख व्हायचं. एवढ्या मोठ्या पुस्तकात सगळ्यात जास्त जागा कुणी अडवली असेल तर त्या तीन अक्षरी 'सेट' नावाच्या पिटुकल्या शब्दानं. पानच्या पानं. मला ते पाहून हसू आलं. हा आपला 'बसवणं' शब्द आहे, मी मनात म्हणालो. आपल्याकडं हाड बसवतात, अंगठीत खडा बसवतात, गणपती बसवतात, मशीन बसवतात, धाक बसवतात. तसाच हा. मला त्या दोन शब्दांची सोयरीक जुळवल्याचा इतका आनंद झाला की त्या दिवशी मी जेवलोच नाही.

मग तो ठराव झाला. ज्यांचा फोटो आमच्या प्रत्येक घरात भिंतीवर होता, त्यांचं नाव विद्यापीठाला द्यायचं ठरलं, आणि मराठवाडा पेटला. पेटला हा शब्द वर्तमानपत्रात येतो, मला त्याचा वास मावशीच्या अंगाला आला. कन्नड तालुक्यातल्या एका खेड्यातून ती आमच्या घरी आली ती एका कळशीसह. कळशी एका बाजूनं काळी, एका बाजूनं पितळी. आईनं चुलीपुढं बसून काडी ओढली तशी मावशी भिंतीला जाऊन चिकटली. "नगं लावू गं काडी," ती म्हणाली, "मी आशीच खाते. शिळी भाकर हाय का?" आईनं काडी विझवली. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी शिळंच खाल्लं.

संध्याकाळी मावशी मला म्हणाली, "तू शिकतूस ना रं विंग्रजी? सायेब आले व्हते गावात, जळल्यावर. माझ्या घरात हुबं ऱ्हाऊन बोलत व्हते एकमेकाशी विंग्रजीत. काय म्हनले आसतील?"

मला काय माहीत! पण मला माझं ज्ञान दाखवायचं होतं. म्हणालो, "सेट ऑन फायर म्हणाले असतील. घर पेटवून दिलं."

"शेट मंजी?"

"सेट म्हणजे... बसवणं, मावशी."

तिनं कळशी पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "आग बसवली म्हन की. गनपती बसवत्यात तशी." आणि हसली. आई तिला म्हणाली, "हसू नगं गं आसं." मावशी म्हणाली, "मग कसं हसू?"

शाळा बंद होती ती उघडली, तरी मी आणखी दोन दिवस आलो नाही, कारण मावशीला एकटं सोडता येत नव्हतं आणि आईची हजेरी बुडत होती. आल्यावर तुम्ही विचारलंत, त्याच व्हरांड्यात. मी सांगितलं. मावशीचं घर जाळलं, सर. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात. मला वाटलं आता तुमचे डोळे भरतील. कवितेच्या वेळी भरायचे तसे. मी वाट पाहत होतो, सर. मला ते पाहायचंच होतं. तुम्ही चष्मा परत लावलात आणि म्हणालात, "असल्या गोष्टी शाळेत आणायच्या नसतात. इथं विद्या असते." मग विचारलंत, "शनिवारची तयारी आहे ना? सेट देणार आहे." म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं, त्या शनिवारच्या आधी. माझा प्रश्न इथूनच सुरू होतो.

शनिवारी फळ्यावर तीन अक्षरं. वर्ग उभा. चहाचा सेट गेला, रेडिओचा सेट गेला, सूर्य मावळण्याचा गेला. परीक्षेचा पेपर सेट करणं वकिलानं सांगितलं आणि तुम्ही "शाबास" म्हणालात. रांग वाढत गेली. मी सिमेंट घट्ट होणं सांगितलं, मोडलेलं हाड बसवणं सांगितलं, सापळा लावणं सांगितलं. वकील दुसऱ्या फेरीला खुंटला, रांगेत गेला, जाताना मला डोळा मारला. शेवटी मी आणि नकाशावाला उरलो. मी म्हणालो, घड्याळ लावणं. तो बराच वेळ छताकडं बघत राहिला आणि मग मान खाली घालून रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. माझ्याकडं अजून पुष्कळ होते. मला ते सगळे सांगायचे होते, पण खेळ संपला होता. मी जिंकलो होतो. पहिल्यांदाच.

मी रांगेच्या तोंडाशी गेलो. तिथं कोण आहे मला आजही दिसतं, पाटलाचा एक पोरगा, कपाळावर घाम. मी डावा हात उचलला. माझी बोटं त्याच्या नाकापासून वीतभर लांब आहेत. आणि तुम्ही म्हणता, "थांब."

हात हवेत राहतो. तुम्ही खुर्चीवरून उठता, रांगेवरून नजर फिरवता आणि वकिलाला बोटानं बाहेर बोलावता.

"उत्तर याचं, हात तुझा. चल, याच्या वतीनं तू मार."

वकिलाला समजलं नाही. "सर, पन मला तर आलं नाय. मी बी रांगेतला."

"मी सांगतोय ना!"

तो मारत गेला. त्या दिवशी आवाज बरोबर आला नाही, तो हळूच मारत होता. तुम्ही एकदाही माशीचं विचारलं नाहीत. रांग संपल्यावर मागून कुणीतरी ओरडलं, "सर, ह्याला कोन मारनार? ह्यो बी नापास हाय!" तुम्ही म्हणालात, "स्वतःचं स्वतः मार." वकिलानं एका हातानं आपलंच नाक धरलं आणि दुसऱ्यानं आपल्याच गालावर चापट मारली. वर्ग खदाखदा हसला. कुणीतरी म्हणालं, "वकील लावलाय सरांनी त्याला, वकील!" आणि त्याचं नाव कायमचं पडलं.

मी तिथंच उभा होतो. मला बसायला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी विचारलं, "सर, मी का नाही?"

भांडायला विचारलं नव्हतं हो. मला वाटलं माझं काही चुकलं असेल, घड्याळ लावणं तुम्हाला मान्य नसेल. तुम्ही हसलात. रागानं नाही, छान हसलात, कवितेच्या आधी हसायचात तसे. म्हणालात, "अरे, तुझा एक अर्थ राहिलाच की. खडू घे. लिही. दे सेट द हाउस ऑन फायर."

मी लिहिलं. अक्षर वळणदार आलं.

"मराठी कर."

"त्यांनी घर पेटवून दिलं."

"कुणाचं?"

मी फळ्याकडं पाहिलं. "ते वाक्यात नाही, सर."

"बरोबर," तुम्ही म्हणालात. "वाक्यात नसलेलं विचारायचं नसतं. कळलं? बस खाली."

हसायला आधी कुणी सुरुवात केली ते मला माहीत नाही. काहींना कशाला हसतोय हेही माहीत नसेल. पण दोघं-तिघं होते, त्यांना माहीत होतं. त्या पावसाळ्यात घर म्हटलं की कुणाचं, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. मी बाकावर येऊन बसलो. मी हसलो नाही, रडलो नाही. हाताला खडू लागला होता, तो चड्डीला पुसला.

पुढं तेच चालू राहिलं. मी जिंकलो की वकील मारायचा. वकिलानं आधी त्याचीही गंमत केली. "कुनाचं थोबाड रंगवायचंय सांग, तुझ्या नावानं एक जास्त देतो." मला हसू यायचं नाही म्हटल्यावर त्यानं ते बंद केलं. एकदा रुळापर्यंत माझ्याबरोबर चालत आला आणि म्हणाला, "मी सरला सांगू का, मला नाय जमत म्हनून?" मी म्हणालो, "नको." त्यानं सांगितलंही नाही. मग मी एक युक्ती काढली. येत असलेलं उत्तर सांगायचं सोडून दिलं. मान खाली घालून रांगेत जाऊन उभा राहायला लागलो. नाक धरून मारून घेतलं की निदान सगळ्यांच्या रांगेत असायचो. तुम्हाला ते समजलं असणार. इतके हुशार होतात तुम्ही. तुम्ही फक्त एकदा म्हणालात, "काय रे, वारं बंद झालं वाटतं?" व्हरांड्यात मी पुन्हा बसलो नाही, आणि डिक्शनरी घ्यायला तुम्ही पुन्हा बोलावलं नाहीत.

आईला मी सांगितलं नव्हतं. वकिलाच्या बहिणीकडून वस्तीत कुणाला, तिथून आईला, असं कळलं. मला वाटलं ती चिडेल, शाळेत येईल. ती भाकरी थापत होती. थापताना थांबली नाही. म्हणाली, "मास्तर तसा देवमानूस हाय म्हनत व्हता तू."

"आवाज चांगला आहे त्यांचा."

"आवाज कोकिळेचा बी चांगला आसतो. ती आपली पिल्लं सोता पोसत नाय म्हनं."

तो शब्द मात्र मला सोडून गेला नाही. आयटीआय करून चिकलठाण्याच्या एका कंपनीत लागलो, तर माझं कामच ते निघालं. मशीनवर टूल बसवायचं, माप जुळवायचं, पहिला नग काढून द्यायचा आणि बाजूला व्हायचं. त्या माणसाला सेटर म्हणतात. पुढं वाळूजला गेलो, तिथंही सेटरच. मुलगी सेटची परीक्षा पास झाली आणि त्याच विद्यापीठात शिकवायला लागली, ज्याच्या नावासाठी आमची घरं गेली. नाव शेवटी मिळालं, अर्धं जुनं, अर्धं नवं. रिटायर झालो तेव्हा लोकांनी चहाचा सेट दिला आणि विचारलं, "मुलगा सेट झाला का?" आता तर शहराचंच नाव बदललं. पाट्या बदलल्या, कुणी पेढे वाटले, कुणी तोंड मिटून घेतलं. पण कन्नडकडं कुणाच्या घराला त्यासाठी काडी लागली नाही. माणसाला नाव बदललेलं चालतं, सर. कुणाचं देताय एवढंच तो बघतो.

मी तुम्हाला शिव्या देऊन मोकळा झालो असतो तर बरं झालं असतं. नाही झालो. तुम्ही गेल्याची बातमी आली त्या दिवशी माझी सेकंड शिफ्ट होती. डबा घेतला आणि गेलो, तुमच्या मातीला आलो नाही. मशीन सुरू झालं, त्याचा ठेका धरला गेला, आणि तुमच्या चालीत पाखरांची कविता सुरू झाली. मी थांबवली, ती परत सुरू झाली. सगळ्या कविता मला तुमच्या आवाजात येतात. दुसऱ्या कुणाच्या आवाजात म्हणून बघितल्या, आईच्या, स्वतःच्या. जमत नाही. म्हणून मला ते वाक्य ऐन वेळी सुचलेलं असायला हवंय, सर. माणसाच्या तोंडून एखादं वाईट निघून जातं, वर्ग बघत असतो, तोल जातो. तसं असेल तर मला माझ्या कविता ठेवता येतील. इतकी वर्षं मी तुमच्या बाजूनं हाच युक्तिवाद करत आलोय, फी न घेता.

दारावरची बेल वाजतेय. वकिलानं कागद न्यायला पोरगा पाठवतो म्हटलं होतं, तो संध्याकाळी येणार होता. बघतो.

सर, पोरगा नव्हता. तुमची मुलगी आहे.

मी तिला कधी पाहिलेलं नाही, पण नाव सांगावं लागलं नाही. तुमचं नाक, तुमच्या भुवया, वर पांढरे केस. जिना चढून दम लागलेला. कार्यक्रमासाठी नाशिकहून आलीय, वकिलानं पत्ता दिला. खुर्चीत बसली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "तुम्ही बाबांवर लिहिताय म्हणे. मला राहवेना. म्हटलं आधीच ऐकावं."

मी म्हणालो, "पुरं झालेलं नाही अजून."

"मग बरंच झालं. एक किस्सा घ्याच त्यात. आमच्याकडे पाहुणे आले की बाबा हमखास सांगायचे. तुमच्याच वर्गातला असेल. एक पोरगा होता म्हणे, फार शेफारलेला. शब्दांच्या खेळात हा जिंकणार हे बाबांना ठाऊक होतं. आदल्या दिवशी जेवताना आईला म्हणाले, उद्या त्याला असं वाक्य टाकतो की पुन्हा मान वर करणार नाही. लिहूनसुद्धा बघितलं होतं, कुठलं बरं बसतंय ते." मग ती खुर्चीत ताठ झाली, चष्मा जरा खाली ओढला आणि तुम्ही झाली. "कुणाचं? आणि ते पोर काय म्हणतं, तर वाक्यात नाही, सर!" तिला हसू आवरेना, तिनं पदर तोंडाला लावला. "तुम्हाला आठवतं का हो? कोण होता तो?"

"आठवतं," मी म्हणालो. "नाव नाही आठवत."

चष्मा घेऊन येतो असं सांगून आत आलोय. बाहेर बायको तिला पोह्यांचा आग्रह करतेय. वकिलाला कळवायचंय की रविवारी मी येत नाही, पत्रही येत नाही. हे कागद फाडायचे की गादीखाली सारायचे ते नंतर बघेन.

एक मात्र तुम्हाला सांगून टाकतो. ती तुमची नक्कल करत होती ना, तेव्हा तुमचा आवाज इतका हुबेहूब आला की मीही हसलो, सर. अगदी मनापासून.